‘मला काही नाही हो, पण…’

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



ग्वाल्हेरात किरायाचं घर शोधत फिरणाऱ्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. घर दाखवून झालेलं असतं, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगून झालेलं असतं, कधी कधी चहासुद्धा झालेला असतो. मग नाव विचारलं जातं. नाव कळलं की थोडा वेळ सगळे गप्प, आणि मग ते वाक्य येतं, "मला काही नाही हो, पण…"

‘पण’च्या पुढे काहीही असू शकतं. पण सासूबाईंचं सोवळं फार कडक आहे. पण समोरचे लोक जुन्या वळणाचे आहेत. पण मुलगा पुण्याला असतो, तो नको म्हणतो. पण मोहल्ल्याचं वातावरण तसं नाही. हिंदीतही अगदी तसंच, "हमें तो कोई दिक्कत नहीं, लेकिन…" भाषा बदलते, ‘पण’ तिथेच राहतो.

मोठं घर घेणारा माणूस बहुधा मोठाच असतो. त्याच्या ओळखी असतात, त्याच्यासाठी कुणीतरी फोन करतं. वन बीएचके शोधणारा बहुधा एकटा असतो, नाहीतर नुकताच दुकटा झालेला. दवाखान्यातली नर्स, बँकेत बदली होऊन आलेला मुलगा, लग्न होऊन सहा महिने झालेलं जोडपं, नवरा गेल्यावर मुलांवर भार नको म्हणून वेगळी राहणारी बाई. एक झोपायची खोली, एक बसायची, ओटा, मोरी आणि कपडे वाळत घालायला हातभर गॅलरी. इतकंच मागणाऱ्या माणसाला आपण जिन्यावरून परत पाठवतो तेव्हा एक प्रश्न उभा राहतो, आणि आज मला त्याबद्दलच लिहायचं आहे. ते ‘नाही’ नक्की म्हटलं कुणी? त्याचा कर्ता कोण?

आमच्या ओळखीतल्या एका ताईंची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही. ताई खाली राहतात, एकट्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. वरचा वन बीएचके किरायाने देतात, त्यावर त्यांच्या औषधपाण्याचं भागतं. मागच्या वर्षी जागा खाली झाली तेव्हा एक मुलगी बघायला आली. सरकारी दवाखान्यात नर्स, वय सव्वीस-सत्तावीस, बोलायला गोड, आल्या आल्या चप्पल बाहेर काढली. ताईंना आवडली. ताईंना गुडघ्याचा त्रास, त्यामुळे घरात नर्स म्हणजे देवच पावला असंही त्यांना वाटलं असणार. किराया ठरला, आगाऊ रक्कम ठरली. मग नाव विचारलं.

तिचं नाव-आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की तुम्ही मनातल्या मनात हिशोब मांडायला लागाल, आणि मला नेमकं तेच नको आहे.

ताई म्हणाल्या, "बेटा, मला काही नाही, पण समोरच्या भाभीजी जरा तशा आहेत. उगाच तुला त्रास." मुलगी ‘ठीक आहे आंटी’ म्हणाली आणि चप्पल घालून गेली. तिला हे वाक्य नवीन नव्हतं, एवढं ताईंनाही कळलं.

मोहल्ल्यात गोष्ट लपते कुठे? महिन्याभराने ती समोरच्या भाभीजींच्या कानावर गेली. त्या तडक ताईंकडे आल्या. म्हणाल्या, "मेरा नाम क्यों लिया? मुझसे तो आपने पूछा ही नहीं." ताई म्हणाल्या, पण तुम्ही हो म्हटलं असतं का? त्यावर भाभीजींनी जे उत्तर दिलं ते मला फार प्रामाणिक वाटलं. "पूछतीं तो शायद मैं मना ही करती. पर पूछा तो होता."

गोष्ट इथेच संपते. नंतर आलेलं कुटुंब ‘आपल्यातलं’ होतं, आणि चांगलं निघालं. किराया पहिल्या तारखेला देतात, ताईंना दवाखान्यात नेऊन आणतात. ताईंना कसली शिक्षा झाली, नव्या किरायेदारांनी पैसे बुडवले, असं काही घडलेलं नाही. कर्माचा हिशोब इतका चटकन दिसला असता तर आपल्याला सत्संगाला बसायची गरजच उरली नसती. पण त्या दिवशी एका मुलीला ‘नाही’ म्हटलं गेलं, आणि ते म्हणणारं माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही. ताई म्हणतात, मला काही नव्हतं. भाभीजी म्हणतात, मला कुणी विचारलंच नाही. दोघींचंही खरं आहे. मग ती मुलगी परत का गेली?

हेच, पण फार मोठ्या माणसाच्या बाबतीत, बडोद्याला घडलेलं आहे. बडोदा म्हणजे गायकवाडांचं, आपल्या ग्वाल्हेरसारखंच परमुलखातलं मराठी संस्थान. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म आपल्याच मध्य प्रदेशातला, महूचा, १४ एप्रिल १८९१ चा. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, पुढे लंडनला गेले, आणि करारानुसार १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी आले. महाराजांची नोकरी होती, पदव्या होत्या, पगार ठरलेला होता. राहायला खोली मात्र नव्हती. हिंदूंच्या खाणावळीत त्यांना कुणी घेईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत वरच्या मजल्यावर एक लहान झोपायची खोली आणि जोडून न्हाणीघर असं मिळालं. किराया दिवसाला दीड रुपया, जेवणासकट. तिथे फक्त पारशांनाच राहता येत होतं म्हणून व्यवस्थापकाच्या संमतीने वहीत पारशी नाव घातलं. बाजूच्या मोठ्या दालनात मोडकं सामान पडलेलं, रात्री एक कंदील, सोबतीला कुणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघत होते, तेव्हा काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणून धमकावून गेले.

हा प्रसंग पुष्कळांना माहीत आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. काठीवाले वाईट, ते सोपं आहे. काठीवाल्यांमध्ये आपण स्वतःला कधी धरत नाही. पण त्या दिवशी बाबासाहेब दोन मित्रांकडेही गेले होते. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला सगळं ऐकून वाईट वाटलं, संतापही आला. पण तो म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावं लागेल. ते नवरा-बायको मूळचे ब्राह्मण, धर्म बदललेले, आणि बायको मनाने अजून जुन्याच चालीची. बाबासाहेब काय समजायचं ते समजले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. हे सगळं त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये लिहून ठेवलेलं आहे.

आता बघा. हिंदू मित्राने नोकरांना विचारलं होतं का? ख्रिस्ती मित्राची बायको तर गावातही नव्हती. एकाचं ‘नाही’ नोकरांच्या नावावर, दुसऱ्याचं बायकोच्या नावावर. काठीवाल्यांनी निदान ‘आम्ही’ तरी म्हटलं. मित्रांना तेवढंही म्हणता आलं नाही. दोघंही चांगली माणसं होती, हे मी मनापासून लिहिते आहे. दोघांनाही ‘काही नव्हतं’. आणि एवढा शिकलेला माणूस, ज्याच्या हातून पुढे देशाची राज्यघटना घडायची होती, त्याला त्या शहरात एक खोली मिळाली नाही.

याहूनही जुनी गोष्ट आपल्या घराघरात सांगितली जाते, मांड्यांची. मुक्ताईला मांडे करायचे होते, ती आळंदीच्या कुंभारवाड्यात खापर मागायला गेली. कुंभारांनी दिलं नाही. संन्याशाच्या पोरांना काही द्यायचं नाही असं विसोबा चाटीने त्यांना बजावून ठेवलं होतं. मग ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि मुक्ताईने पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. कीर्तनात ही कथा रंगते ती पाठीपाशी आणि विसोबांच्या पश्चात्तापापाशी. हेच विसोबा पुढे विसोबा खेचर झाले, नामदेवांचे गुरू झाले. त्यांचा उद्धार झाला, कारण निदान त्यांनी ‘मी अडवलं’ असं म्हटलं. ज्याने म्हटलं त्याला पश्चात्ताप करता येतो.

मला मात्र त्या कुंभारांची आठवण येत राहते. त्यांचं त्या पोरांशी काही वाकडं नव्हतं. ‘आम्हाला काही नाही गं मुक्ते, पण विसोबांनी सांगून ठेवलंय.’ असंच म्हणाले असतील, आणखी काय म्हणणार? कथेत त्यांना नावं नाहीत. त्यांचं पुढे काय झालं तेही कुणी सांगत नाही. चूक झाली असं त्यांना कधी वाटलंही नसेल, कारण त्यांच्या मते त्यांनी काही केलंच नव्हतं.

आपण सत्संगात कर्तेपणाबद्दल खूप ऐकतो. मी केलं असं म्हणू नका, गुरुकृपेने झालं म्हणा. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की कर्मं प्रकृतीच्या गुणांनी घडतात आणि अहंकाराने भुललेला मनुष्य स्वतःला कर्ता समजतो. हे ऐकताना आपण माना डोलावतो. पण आपण कर्तेपण सोडतो कुठे, ते एकदा नीट पाहावं. पौर्णिमेच्या प्रसादाला लाडू कुणी केले हे कुणाला सांगायचं राहून जातं का? फोटोसकट गटावर येतं! (मीही टाकते, त्यात काय.) देणगीच्या पाटीवर नाव लागतं. आणि घर नाकारायची वेळ आली की आपण एकदम स्थितप्रज्ञ होतो. मी कोण नाही म्हणणारी? मोहल्ला म्हणतोय, वातावरण म्हणतंय, सासूबाई म्हणतायत.

माझ्या समजुतीप्रमाणे कर्तेपण सोडायचं ते श्रेयाचं. जबाबदारीचं कर्तेपण सोडा असं कुठल्या संतांनी सांगितल्याचं मला आठवत नाही. अर्जुनालाही हेच हवं होतं की, हे माझ्या हातून नको, मी आपला बाजूला होतो. त्याच तिसऱ्या अध्यायात त्याला सांगितलंय की कर्म केल्यावाचून क्षणभरही कुणी राहू शकत नाही. घर देणं हे जसं कर्म, तसं घर न देणं हेही कर्मच. ते कुणाच्या तरी खात्यावर जमा होणारच. भाभीजींनी तर स्पष्टच सांगितलं की त्यांच्या खात्यावर नको.

यावर पहिली हरकत येते ती ‘माझं घर, माझी मर्जी’. बरोबर आहे. कायदाही बऱ्याच अंशी तुमच्याच बाजूने आहे. घटनेचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते इथे कुणाला जात-धर्मावरून अडवू नये हे त्यात आहे, पण तुमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीबद्दल ते बोलत नाही. अहमदाबादच्या एका गृहनिर्माण सोसायटीने फक्त आपल्याच समाजाच्या लोकांना सभासद करण्याचा नियम ठेवला होता. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो नियम चालेल असाच निकाल दिला. म्हणजे घर कुणाला द्यायचं हे सरकारने बरंचसं आपल्यावर सोपवलंय. म्हणूनच तर हा प्रश्न वकिलाकडे न नेता आपण या पत्रकात घेतोय. जिथे दंड नाही, पोलीस नाही, तिथे आपण कसं वागतो ते फक्त आपल्याला आणि सद्गुरूंना दिसतं.

आणि मर्जी असेल तर ती मर्जी म्हणूनच सांगावी ना! "मी देणार नाही. तू अमुक आहेस म्हणून देणार नाही." समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून असं म्हणून पाहा. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. काही जणांच्या तोंडून ते निघेल, मी नाही म्हणत नाही. पण पुष्कळांची जीभ तिथेच अडखळेल. आणि ती का अडखळली, याचा विचार त्या रात्री झोपण्याआधी करता येईल.

दुसरी हरकत भीतीची, आणि ती खरी आहे. एकटी बाई, वर अनोळखी माणूस, रात्री-अपरात्री जिन्यावर पावलं. वरून किरायेदाराने घर सोडलं नाही तर? मध्य प्रदेशात अजून १९६१ चा स्थान नियंत्रण अधिनियम आहे, खटला लागला की वर्षानुवर्षं निघतात हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. म्हणून विचारपूस करावीच. आधार कार्ड घ्यावं, नोकरीच्या ठिकाणचा फोन घ्यावा, पोलीस चौकीत किरायेदाराची माहिती द्यावी, करार लिहून घ्यावा. करार अकरा महिन्यांचाच का असतो असं बऱ्याच भगिनी विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून लोक अकरावर थांबतात. आगाऊ रक्कमही उगाच सहा-सहा महिन्यांची मागू नये. २०२१ मध्ये केंद्राने राज्यांसाठी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचा किराया असं धरलंय. आपणही तेवढंच धरावं.

ही भीती कागदाने कमी होते. आडनावाने कशी कमी होणार? लष्करातल्या जुन्या वाड्यांत पिढ्यानपिढ्या जुन्याच किरायात राहून मालकाला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावणारे किरायेदार कोण होते? तुम्हाला माहीत आहेत. सगळे आपल्यातलेच, संध्याकाळी आरतीला येणारे.

आता सगळ्यात अवघड मुद्दा, स्वयंपाकघराचा. यावर सत्संगानंतर चप्पल शोधता शोधता जेवढी चर्चा होते तेवढी मोक्षावरही होत नाही. खाली देवघर, वर किरायेदार, जिना एक. वरून मासे तळल्याचा वास आला तर खालच्या बाईच्या घशाखाली घास उतरत नाही. यात ढोंग काही नाही, सत्तर वर्षांची सवय आहे. तिने काय करावं? मला वाटतं, तिने नियम सांगावा. ‘या घरात सामिष शिजवायचं नाही.’ येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी जोशी-कुलकर्ण्यांनासुद्धा, तोच नियम, त्याच शब्दांत. मग राहायचं की नाही ते येणाऱ्याने ठरवावं. कुणी म्हणेल चालेल आंटी, मी बाहेर खाईन. कुणी म्हणेल नाही जमणार. दोघांचाही मान राहतो.

आपण मात्र नियम सांगत नाही, आपण आडनाव वाचतो. आणि आडनाव तर साफ खोटं बोलतं. ‘फक्त मराठी शाकाहारी कुटुंबासाठी’ असं आपल्या गटावर येतं तेव्हा मला हसू येतं. मराठी म्हणजे शाकाहारी हे कधी ठरलं? सारस्वतांचे मासे, सीकेपींचं कोलंबीचं खडखडलं, मराठ्यांच्या घरचं जत्रेचं मटण, हे सगळं मराठीच आहे. ग्वाल्हेरात शिंद्यांबरोबर काय फक्त वरणभात खाणारे आले होते? आपली मुलं पुण्या-बंगळुरात काय खातात ते आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक नाही असं दाखवणंही ठाऊक आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर, ओटा वेगळा आणि जिना वेगळा असेल तर मी हा नियमसुद्धा घालणार नाही. दुसऱ्याच्या कढईत बघण्याचा अधिकार किरायात येत नाही. यावर आमच्या घरात एकमत नाही, ते होईल असंही दिसत नाही.

मुलांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत, मुलुंडला, एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा पाहायला गेल्या असताना मराठी माणसांना इथे जागा देत नाही असं सांगण्यात आलं. त्यांनी रडत रडत केलेला व्हिडिओ आपल्या सगळ्या गटांवर फिरला होता. काय संताप झाला होता सगळ्यांचा! रास्तच होता. मुंबईत मराठीला जागा नाही म्हणजे काय! पण त्याच आठवड्यात त्याच गटावर, त्या व्हिडिओच्या तीन-चार मेसेज खाली, ‘वन बीएचके, फक्त आपल्या समाजाच्या लोकांसाठी’ अशी सूचना होती, आणि तिला कुणी काही बोललं नव्हतं. दोन्हींना हात जोडलेले तेच ते इमोजी.

आणि आपण तरी इथे मूळचे कुठे आहोत? लष्कर म्हणजे फौजेचा तळ. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि तिचं शहर झालं. एका वस्तीचं नाव तर अजून शिंदे की छावनी आहे. आपले पूर्वज सातारा, पुणे, कोकण सोडून इथे आले तेव्हा त्यांची भाषा वेगळी, जेवण वेगळं, देवसुद्धा इथल्यांना अनोळखी. कुणीतरी जागा दिली म्हणून आपण आज ‘आमचा मोहल्ला’ असं म्हणतो. त्याच शिंद्यांच्या गोरखीच्या देवघरात मन्सूर शहा अवलियांचा मान आजही पाळला जातो. मुसलमान फकीर शिंद्यांच्या घराण्याचे गुरू. त्यांना देवघरात जागा मिळाली, मग वन बीएचकेत कशी मिळत नाही?

दर डिसेंबरात हजिऱ्याला तानसेन समारोह होतो. रात्रीच्या मैफलींना गर्दी असते, पण पहिल्या दिवशी सकाळी कधी गेला नसाल तर जरूर जा. तानसेनाच्या समाधीजवळ सनई वाजते, आपल्या ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतली हरिकथा होते आणि तिथेच मिलाद होतो. मग मोहम्मद गौसांच्या मकबऱ्यावर चादर चढवली जाते. मराठी कीर्तन आणि मिलाद एका सतरंजीवर, हे आपल्या गावाचं वैभव आहे, बाहेरगावचे पाहुणे आले की आपण ते अभिमानाने दाखवतो. मात्र मांडवात शेजारी बसलेला माणूस संध्याकाळी वन बीएचके बघायला आला तर आपण त्याला काय सांगतो, ते पाहुण्यांना दाखवत नाही.

किरायेदारांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, नाहीतर एकाच बाजूचं होईल. विजेचं बिल न भरता निघून जाणारे, दोघं सांगून सहा जण राहणारे, भिंतीला खिळे ठोकून चाळण करणारे आहेतच. त्यांना नाही म्हणावं, घर सोडायला सांगावं, जरूर सांगावं. ते त्यांच्या वागण्याला ‘नाही’ असतं, आणि ते म्हणताना कुणाला भाभीजींची गरज लागत नाही. आपण सरळ ‘मी’ म्हणतो. तिथे कारण सांगायला आपल्याला लाज वाटत नाही, मला हीच मोठी खूण वाटते.

प्रवचनात ऐकतो की हा देह भाड्याचं घर आहे, मालक वेगळा आहे, तो म्हणेल तेव्हा खाली करायचं. या विषयावर गेला महिनाभर विचार करताना मला सारखं वाटत होतं, त्या मालकाने घर देताना आपलं आडनाव विचारलं होतं का? जन्माआधी तर आडनावच नव्हतं.

आता कामाचं. आपल्या परिवार गटावर घरांच्या सूचना टाकण्याची सेवा सध्या माझ्याकडे आहे. पुढच्या महिन्यापासून सूचना पाठवताना एवढं लिहावं: जागा कुठल्या मजल्यावर, जिना वेगळा की एकच, पाणी रोज येतं की दिवसाआड, किराया किती, आगाऊ किती, किती माणसांना देणार, आणि स्वयंपाकघराचा काही नियम असेल तर तो स्पष्ट शब्दांत. शेवटी निर्णय कोण घेणार त्यांचं नाव. घरात किंवा शेजारी कुणाला विचारायचं असेल तर त्यांना आधीच विचारून घ्यावं, सूचना नंतर पाठवावी. फोटो दोनच पाठवा, पंधरा पाठवले की माझा मोबाइल बंद पडतो.

‘फक्त अमुक समाजासाठी’, ‘अमुक लोकांनी फोन करू नये’ असं लिहिलेली सूचना मी पुढे पाठवणार नाही. काही जणांना याचा राग येईल. हे समितीने ठरवलेलं नाही, महाराजांचा तसा आदेश आलेला नाही, ज्येष्ठ सेवेकऱ्यांचंही काही नाही. ‘नाही’ मी म्हणते आहे. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी मलाच फोन करावा. दुपारी दोन ते चार सोडून कधीही.

जय गुरुदेव.